हॉटेलच्या जुन्या सागवानाचं फर्निचर: मिस्त्रीने रंधा लावण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नव्या फ्लॅटसाठी तुम्ही इथल्याच, म्हणजे इंदूरच्या, एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडून मुंबईच्या कुठल्या तरी शंभर वर्षं जुन्या मोठ्या हॉटेलातून निघालेला माल घेतलाय. पॅनेलची दोन दारं, त्यांवर पितळी नंबर. कठड्याचे बावीस कातीव खांब आणि त्यांच्यावरचा नऊ फुटी हातधरा. बारच्या काउंटरची सात फुटी फळी, खालच्या चार पायांसकट. शिवाय संगमरवराचा एक तुकडा. एका दाराचं डायनिंग टेबल करून वर काच टाकायची, कठड्याचे खांब त्याला पाय म्हणून लावायचे आणि उरलेल्या मालात बाक बसवायचा, असा बेत आहे. मिस्त्री म्हणतो, ‘मॅडम, सब छीलके एकदम नया कर दूँगा.’ माल खरा आहे का, बेत बरोबर आहे का आणि बाक अमेरिकेतल्या भावाला पाठवता येईल का, हे तुम्ही विचारलंय. घरात चार वर्षांची मुलगी आहे हेही लिहिलंत, ते बरं केलंत.

पहिलं काम, मिस्त्रीला फोन करून थांबवा. माणूस वाईट नसेल, पण ‘छीलके नया’ करायचं असेल तर नवंच लाकूड घ्यावं, ते स्वस्त पडतं.

आता खरं-खोटं. जुन्या सामानाच्या बाजारात दोनच नावं चालतात: ‘भिया, असली ताज का माल है’, नाहीतर कुठले तरी महाराज. मुंबईचं ताज १९०३ साली उघडलं आणि आजही हॉटेल म्हणून चालू आहे. तिथून निघाला म्हणून सांगितला जाणारा माल मी जेवढा पाहिलाय, तेवढ्यात अजून दोन ताज उभी राहतील. इंदूरच्या राजवाड्याचंही तसंच. वरचे लाकडी मजले १९८४ च्या आगीत गेले, तरी ‘राजवाड्याचं सागवान’ दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी मला दाखवायला आणतंच.

लाकडाकडे बघून ते सागवान आहे का, जुनं आहे का आणि कशासाठी वापरलं होतं, एवढं सांगता येतं. ते कुठल्या हॉटेलातलं हे लाकूड सांगत नाही, ते कागद सांगतो. हॉटेलच्या लिलावाची पावती, तोडकामाच्या ठेकेदाराचं बिल, नाहीतर तीच वस्तू जागेवर असतानाचा फोटो. कागद असेल तर नावाचे जास्त पैसे द्या, नसेल तर फक्त लाकडाचे द्या.

कागदाने किती फरक पडतो ते आपल्या गावातच पाहायला मिळतं. माणिकबागेत आज सरकारी कर-कार्यालय आहे. १९३० च्या सुमारास इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून तो महाल बांधून घेतला. आतलं फर्निचर रुलमान, आयलीन ग्रे अशा नामवंत डिझायनरांच्या हातचं होतं. १९८० मध्ये मोंटे कार्लोत सदबीज या लिलाव कंपनीने त्याचा लिलाव केला आणि इंदूरच्या महालातल्या खुर्च्या जगभरच्या संग्रहांत गेल्या. त्यांना किंमत आली, कारण कोणती वस्तू कुणी केली आणि कुठल्या खोलीत होती याचे फोटो आणि आराखडे होते. तुमच्या दारांच्या जवळचं उदाहरण न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलचं. नूतनीकरणात तिथली दारं कचऱ्यात निघाली होती. तिथे पूर्वी राहिलेल्या एका माणसाने ती वाचवली आणि कुठल्या दाराआड कोण राहत होतं ते शोधून काढलं. २०१८ च्या लिलावात गायक बॉब डिलनच्या खोलीचं दार १ लाख डॉलरला गेलं. लाकूड म्हणून त्या दारात काही विशेष नव्हतं.

कागद नसला तरी व्यापारी निदान हॉटेलपुरता खरं बोलतोय का, हे दारावरून बरंच कळतं. दारावरचा पितळी नंबर हलक्या हाताने काढा. त्याचे स्क्रू फिरत नसतील तर तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर ठेवा, जोर लावून खाच बिघडवू नका. नंबराखाली बघा. पत्रा खरोखर साठ-सत्तर वर्षं त्या जागी असेल तर त्याच्या आकाराची सावली लाकडावर उमटलेली असते. आतला रंग वेगळा, कडेने पॉलिशची आणि ब्रासोची काळपट किनार. पितळ घासणाऱ्याच्या फडक्याने भोवतालच्या लाकडावर ही किनार येते. सावली नाही आणि स्क्रूची भोकं ताजी, पिवळी दिसत असतील, तर नंबर परवा दुकानात ठोकलाय. उलट भोकांच्या दोन-तीन जोड्या दिसल्या तर खुश व्हा. हॉटेलं खोल्यांचे क्रमांक बदलतात, घरं बदलत नाहीत.

स्क्रूही बघा. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू १९३० नंतरच्या दशकांत आले. ते दिसले तर दार खोटं ठरत नाही, कारण कुणीतरी मधे दुरुस्ती केलेली असते. पण बिजागरीचे झाडून सगळे स्क्रू तसले असतील आणि खाली जुनी भोकं नसतील, तर ते दार शंभर वर्षांचं नाही. पितळाला चुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे.

या बाबतीत मी स्वतः फसलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून ‘हिल स्टेशनच्या हॉटेलच्या डायनिंग हॉलमधल्या’ म्हणून जाड फळ्या घेतल्या. वर हिरवा ऑइलपेंट. रंग काढत गेलो तशी एका फळीवर कंपासच्या टोकाने कोरलेली अक्षरं वर आली: ‘कक्षा ६ ब’. त्याच्याखाली बाण मारलेला बदाम. शाळेची बाकं होती ती. लाकूड मात्र उत्तम सीपी, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातलं, सागवान निघालं, त्याचं कपाट अजून माझ्या बहिणीकडे आहे. तेव्हापासून गोष्टीचे पैसे मी देत नाही.

सागवान आहे का, हे बघायला कुठे न दिसणाऱ्या जागी पटाशीने नखाएवढी खपली काढा. ताजा भाग सोनेरी-तपकिरी निघतो, हाताला किंचित मेणचट लागतो आणि त्याला जुन्या चामड्यासारखा वास येतो. शंभर वर्षांनंतरही येतो. टोकाकडून पाहिलं तर वर्षाच्या वर्तुळांवर बारीक छिद्रांची रांग दिसते. वजनावरूनही अंदाज येतो. वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण अठरा किलो भरतं. तुमची काउंटरची फळी सात बाय दोन फूट आणि दीड इंच जाड असेल, तर तिचं वजन तीस-बत्तीस किलोच्या आसपास यायला हवं. पन्नास भरलं तर ते सागवान नव्हे, आणि वीस भरलं तर वरचा पातळ थर सागवानाचा आणि आत भलतंच काही. ‘बर्मा’ की ‘सीपी’ यावर वाद घालू नका. नुसत्या डोळ्यांनी छातीठोक सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, आणि बैतूल-होशंगाबादच्या जंगलातलं जुनं सागवान कुठल्याही बर्माच्या पंक्तीला बसेल असं आहे.

आता बेताकडे येतो, आणि इथे मी तुम्हाला सरळ नाही म्हणणार आहे. दाराचं टेबल करू नका.

पॅनेलचं दार म्हणजे चौकटीत सैल बसवलेल्या पातळ फळ्या. चौकट दीड-पावणेदोन इंच जाड असते, पण मधलं पॅनेल जेमतेम अर्धा इंच, आणि ते मुद्दाम चिकटवलेलं नसतं. हवेप्रमाणे फुगावं-आकसावं म्हणून खाचेत मोकळं सोडलेलं असतं. आडवं टाकून त्यावर कुणी कोपर टेकला, मुलगी चढून उभी राहिली, की ते वाकणार. म्हणून तुम्ही वर काच टाकणार. मग काच आणि लाकूड यांच्यामधल्या खोबणीत पोह्याचे दाणे, शेव आणि वरणाचे ओघळ जाऊन बसणार, आणि दर रविवारी चाळीस किलोची काच दोघांनी मिळून उचलायची. अशी टेबलं माझ्याकडे दुरुस्तीला येतात. दुरुस्ती अशी नसतेच, मी दार सोडवून परत देतो.

दाराचं सगळ्यात चांगलं फर्निचर म्हणजे दार. फ्लॅटच्या एखाद्या खोलीला ते लागत असेल तर तिथेच लावा, मापात इंच-दीड इंचाचा फरक असला तर दार न कापता चौकट करून घ्या. नाहीतर दोन्ही दारांचं मिळून एक उंच कपाट करा. पल्ले म्हणून ही दारं, आतला सांगाडा खुशाल चांगल्या प्लायवूडचा, कारण तो दिसत नाही आणि हलत नाही. वजन लक्षात घेऊन प्रत्येक पल्ल्याला तीन बिजागऱ्या, आणि कपाट भिंतीला घट्ट अडकवलेलं हवं. दोन्ही पल्ले उघडले की एवढा भार पुढे झुकतो, आणि घरात लहान मूल आहे. मूठ, चावीचं भोक, आतल्या बाजूची साखळी, बेलच्या बटणाचं बुजवलेलं भोक, यातलं काहीही भरून गुळगुळीत करू नका.

टेबल कशाचं, तर काउंटरच्या फळीचं. तुमच्या मालातला सगळ्यात मोलाचा तुकडा तोच आहे आणि तुमच्या यादीत त्याला काम दिलेलंच नाही. फक्त दोन फूट रुंदी समोरासमोर जेवायला कमी पडते. दोन ताटंच फूट-फूटभर जागा खातात, आमटीचं पातेलं ठेवायचं कुठे? दोन्ही लांब बाजूंना पाच-पाच इंची जुन्या सागवानाची पट्टी जोडा. रुंदी चौतीस इंच होईल, ती पुरते. पट्ट्यांचा रंग फळीशी जुळणार नाही, आणि तो डाय मारून जुळवायचाही नाही. मूळ काउंटर किती होता ते दिसू दे. काउंटरचे चार पाय बेचाळीस इंच उंच असतील. ते खालून कापून टेबलाला लावा, म्हणजे टेबल तीस इंचांवर येईल. तीन-तीन इंची पाय असतील तर दुसरीकडे शोधायला नको.

कठड्याचे खांब पाय म्हणून चालणार नाहीत. उंचीने ते बरोबर टेबलाएवढे दिसतात, म्हणूनच सगळ्यांना हा मोह होतो. पण कातलेल्या खांबाचा गळा एक इंचाच्या आत असतो. कठड्यात वीस खांब मिळून हातधरा पेलतात, एकट्या खांबावर भार नसतो. टेबल ओढताना जो आडवा जोर येतो तो थेट त्या गळ्यावर येईल आणि खांब तिथेच मोडेल.

बाकासाठी मात्र ते अगदी नेमके आहेत, आणि इथे जरा थांबून बघा. हातधरा उलटा करा. त्याच्या पोटाला ओळीने खाचा असतील. त्या सरळ खोदलेल्या आहेत की तिरक्या? खांबांची वरची टोकं बघा, काटकोनात कापलीत की उतरती? सगळे खांब शेजारी उभे करा, एका उंचीचे आहेत की एक लांब एक आखूड असे जोडीने? सरळ आणि सारख्या उंचीचे असतील तर तो जिन्याचा कठडा नाहीच, वरच्या सज्जाचा आहे. मग बाकाची पाठ जवळजवळ तयार आहे. हातधरा वरची पट्टी म्हणून, खांब त्याच खाचांत, खाली बसायची फळी सतरा-अठरा इंचांवर. तिरके आणि लांब-आखूड असतील तर जिन्याचा. प्रत्येक पायरीवर दोन खांब, आणि वरच्या बाजूचा लांब, कारण हातधरा चढत जातो. अशा वेळी टोकं नव्याने सरळ करावी लागतात, सगळे सर्वांत आखूड खांबाच्या मापाला आणावे लागतात आणि हातधऱ्यात खाचा नव्याने घ्याव्या लागतात. होतं, पण मजुरी दुप्पट धरा.

नऊ फुटांचा बाक फ्लॅटमध्ये बसत नसेल तर हातधरा एकदाच कापा, सहा आणि तीन. सहाचा बाक टेबलाशी, तीनचा दारात चपला घालायला. कापाची जागा दोन खाचांच्या मधोमध घ्या. दोन खांबांमधली मोकळी जागा चार इंचांपेक्षा कमी आहे ना, तेही मोजा. लहान मुलं डोकं घालून बघतातच.

आणि हातधऱ्याला पॉलिश पेपर लावू देऊ नका. अजिबात नाही. त्याची एक बाजू दुसरीपेक्षा गडद आणि गुळगुळीत असेल, आणि कडेची गोलाई तिथे जरा जास्त झिजलेली. माणसं ज्या बाजूने चालायची ती ही बाजू. हात फिरवून बघा, डोळ्यांआधी तळव्याला कळतं. ही चकाकी कुठल्याही पॉलिशवाल्याला आणता येत नाही आणि ऐंशी नंबरच्या पेपरने ती पाच मिनिटांत जाते. कोमट पाण्यात पिळून काढलेल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मेणाचा पातळ हात द्या, बस. काउंटरवरही ग्लासांचे गोल डाग आणि कडेला विसरलेल्या सिगरेटींच्या काळ्या चिरा असतील. त्या राहू द्या. तुमच्या सासूबाईंना डाग आवडणार नाहीत. त्यांना म्हणावं, नव्या टेबलावर हे डाग पाडून देणारे कारागीर वेगळे पैसे घेतात. खरंच घेतात.

आता मुलीबद्दल. दारांवर जुना रंग आहे का? विशेषतः पांढरा, क्रीम किंवा हिरवा, थरांवर थर? असेल तर त्यात शिसं आहे असंच धरून चाला. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपर्यंतच, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटात ते भरपूर असू शकतं. असा रंग मशीनने कोरडा घासला की त्याची धूळ घरभर बसते, मूल जमिनीवर खेळतं, हात तोंडात जातो. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे, त्याचं ‘थोडंसं’ असं सुरक्षित प्रमाण नाही. म्हणून रंग काढायचं काम फ्लॅटमध्ये करू नका, गॅलरीतसुद्धा नाही. कारखान्यात रंग काढायचं रसायन लावून, ओलं ठेवून, पत्रीने खरवडायचं. खरवड प्लास्टिकच्या पिशवीत बांधायची, झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. जाळायची तर मुळीच नाही. मिस्त्रीलाही धुळीचा खरा मास्क द्या, तोंडाला बांधलेला गमछा त्या कामाचा नाही. रंग घट्ट बसलेला असेल आणि तुम्हाला बरा दिसत असेल, तर तो न काढता वरून पारदर्शक थर देऊन बंद करणं हाही चांगला मार्ग आहे.

रंग नसून पॉलिश असेल तर ते कशाचं ते बघा. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा अर्धं मिनिट टेकवा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश, म्हणजे जुनं काम. ते सगळं काढायचं नसतं, आहे त्यावरच नवी लाख चढते, जुना थर नव्यात विरघळून एकजीव होतो. कपाटाच्या दारांना आणि बाकाच्या पाठीला लाखच ठेवा. टेबलाला मात्र ती नको. गरम पातेलं ठेवलं की पांढरा गोल उमटतो, आणि आपल्या घरात पातेल्याखाली काही ठेवायची आठवण कुणाला होते! टेबलाला मॅट पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेण-तेलाचं चांगलं फिनिश द्या. मेण-तेलवालं वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा लावावं लागतं, पण ओरखडा पडला तर तेवढीच जागा दुरुस्त होते. पीयू सोलायला लागला तर सगळंच काढावं लागतं. मी माझ्या घरी मेण-तेल वापरतो.

जुने सांधे ढिले असतील तर त्यांत लगेच फेव्हिकॉल ओतू देऊ नका. त्या काळचे सांधे सरसाचे, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाचे, असतात. कोमट पाणी आणि वाफ दिली की सरस मऊ होतो, सांधा सुटतो, साफ करून पुन्हा सरसानेच बसवता येतो. त्यावर फेव्हिकॉल टाकला तर जुन्या सरसावर तो नीट धरत नाही आणि पुढच्या माणसाला सांधा सोडवायची सोयही राहत नाही.

कीड. सागवानाच्या गाभ्याला सहसा काही होत नाही. पण कडेला पांढुरका, कच्चा भाग राहिला असेल तर त्यात भुंगेरा शिरतो. बारीक भोकं दिसली म्हणून घाबरू नका, ती पन्नास वर्षांपूर्वीची असू शकतात. तुकडा काळ्या कागदावर ठेवा, वर टकटक करा आणि आठवडाभर तसाच राहू द्या. कागदावर पावडरसारखा ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. मग उघड्या लाकडावर बोरॉनचं द्रावण दोनदा पाजायचं. फार पोखरलेला भाग कापून तिथे दुसरा तुकडा बसवायचा. हे सगळं माल घरात नेण्याआधी, बाकी फर्निचरपासून लांब.

आता ज्यावर इंदुरात सगळे घसरतात ती गोष्ट, म्हणजे हवा. हे लाकूड शंभर वर्षं समुद्राच्या दमट हवेत राहिलं असेल, तर ते आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये आकसणार. ‘इतकं जुनं लाकूड, आता कशाला हलतंय’ असं मिस्त्री म्हणेल. लाकूड कितीही जुनं होवो, हवेतलं पाणी घेणं-सोडणं थांबवत नाही. लांबीत काही फरक पडत नाही, पडतो तो रुंदीत. तुमच्या चौतीस इंची टेबलात पावसाळा ते उन्हाळा पाच ते आठ मिलिमीटरचा फरक सहज पडेल. सुरुवातीच्या काळात मी असंच एक टेबल खालच्या चौकटीला चारही बाजूंनी स्क्रू आणि गोंद लावून पक्कं केलं होतं. ऑगस्टात दिलं, मेमध्ये रात्री अकरा वाजता गिऱ्हाईकाचा फोन: ‘अहो, टेबलातून गोळी सुटल्यासारखा आवाज आला.’ फळी मधोमध चिरली होती, मुंगी जाईल एवढी. पैसे परत केले.

म्हणून माल आणल्या आणल्या जोडकाम नको. घरातच, उन्हापासून आणि एसीच्या झोतापासून दूर, फळ्यांच्या मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून आडवा रचून ठेवा. निदान दोन महिने. काम दिवाळीनंतर काढा, तेव्हा इथली हवा ना धड ओली ना धड कोरडी असते, त्यामुळे पुढे लाकूड दोन्हीकडे थोडं थोडं हलतं. टेबलाची फळी चौकटीला जोडताना स्क्रूची भोकं आडव्या दिशेने लांबट ठेवायला सांगा, नाहीतर लाकडी गुटके खाचेत अडकवून. फळी घट्ट धरली जाते, पण सरकायला वाव राहतो.

आरा मशीनवर काहीही नेण्याआधी प्रत्येक तुकड्यावरून जोरदार चुंबक फिरवून घ्या. जुन्या लाकडात डोकं तुटलेले खिळे आत राहिलेले असतात. पातं तुटलं तर मशीनवाला तुमच्यावर ओरडेल, पण खरी भीती उडणाऱ्या तुकड्याची असते.

संगमरवराबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. तो जेवणाच्या टेबलावर नको. पोह्यांवर पिळलेल्या लिंबाचा एक थेंब पडला आणि दहा मिनिटं राहिला की तिथली चकाकी गेली, पुसून येत नाही. अॅसिड दगड खातं, तो डाग नसतो. बाथरूममधल्या आरशाखाली किंवा कुंडीखाली वापरा.

अमेरिकेचं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या वस्तूंच्या व्याख्येत ‘इमारतीपासून सुटा केलेला भाग’ स्पष्टपणे येतो, आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार खासगी माणसाला नाही. तुमचा हातधरा खरोखर शंभरीचा असेल तर अडचण आहे. तो तेवढा जुना नसेल तर तसं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी घेतल्याशिवाय बंदरावर माल अडकू शकतो. थोडक्यात, व्यापाऱ्याची गोष्ट खरी असेल तर बाक इथेच राहील. भावाला म्हणावं, सुट्टीत ये आणि बस.

व्यापाऱ्याकडून पक्कं बिल मात्र आजच मागून घ्या, त्यावर ‘जुने वापरलेले सागवान’ आणि नगांची संख्या लिहिलेली हवी. सागवानाच्या वाहतुकीवर वनखात्याचे नियम असतात. माल पुन्हा इंदुराबाहेर हलवायचा झाला तर टेम्पो भरण्याआधी वन कार्यालयात विचारा.

आठ दिवसांत एवढं करा: नंबर काढून त्याखालचा फोटो, हातधऱ्याच्या पोटाचा फोटो, आणि सगळ्यात लांब व सगळ्यात आखूड खांबाचं माप. बाकाचं ठरवायला मला तेवढं पुरेल. काउंटरची फळी मात्र आजच आडवी करा. तुमच्या फोटोत ती खिडकीशी उभी दिसतेय, आणि दुपारचं ऊन थेट तिच्यावर येतंय.